मॅक्बेथचे तीन अंत

हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर आणि मॅक्बेथ हीं शेक्सपिअरचीं चार मोठीं शोकपर्यवसायी नाटकें आपल्याकडील सुशिक्षित घरांतून निदान नांवानें तरी सर्वांस ठाऊक आहेत. या चार नायकांच्या मरणांची तुलना करून पाहिली असतां एक गोष्ट चटकन् नजरेस येते. हॅम्लेट मरतो तेव्हां त्याच्या उशाशीं होरेशिओसारखा जिवाचा मित्र असतो. लिअरच्या मृत्यूनें वृद्ध केंटचें काळीज फाटतें. ऑथेल्लोनें स्त्रीहत्येसारखें घोर पातक केलेलें असूनही त्याच्या थोरपणाची साक्ष देणारा कॅशिओ तेथें असतो. मॅक्बेथच्या वाट्याला यांपैकीं कांहींच येत नाहीं. त्याचें छाटलेलें शिर तेवढें रंगभूमीवर आणलें जातें. नवा राजा एका तुच्छतेच्या शब्दांत त्याची व त्याच्या राणीची वासलात लावतो. आणि लगेच राज्याभिषेकाच्या आमंत्रणानें नाटक संपतें. रंगभूमीवरील एकाही पात्राच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं. आणि असें असूनही प्रेक्षक घरीं परततो तो जड अंतःकरणानें. हें कसें घडतें?

या प्रश्नाचें उत्तर टीकाकारांनीं आपापल्या परीनें दिलेलें आहे. आम्ही येथें तें इतिहासाच्या वाटेनें शोधूं इच्छितों. कारण मॅक्बेथ हा हॅम्लेट किंवा लिअर यांच्यासारखा केवळ दंतकथेंतला पुरुष नव्हे. तो स्कॉटलंडचा खराखुरा राजा होता, आणि त्याच्या राज्यारोहणाची व मरणाची तिथीही आपणांस ठाऊक आहे. वाचकांनीं थोडा धीर धरल्यास असें दिसून येईल कीं, या एका माणसाला तीन वेळां मारण्यांत आलें. एकदां रणांगणावर, एकदां बखरकारांच्या लेखणीनें, आणि शेवटीं लंडनच्या रंगभूमीवर. या तीन अंतांचा अर्थ निरनिराळा आहे. आणि ते एकमेकांत मिसळून टाकल्यामुळें इतिहासाचा व काव्याचा असा दोहोंचाही घात होतो.

पहिला अंत पाहूं. अकराव्या शतकांतील स्कॉटलंडमध्यें बापामागून मुलानें गादीवर बसावें असा कायम नियम नव्हता. राजघराण्याच्या दोन शाखा होत्या. एका शाखेंतील राजा मेला म्हणजे बहुधा दुसरींतील एखादा कर्ता पुरुष पुढें येई. या पद्धतींत एक गुण होता व एक दोष होता. गुण हा कीं, अज्ञान पोर गादीवर येण्याचा प्रसंग सहसा येत नसे. दोष हा कीं, ज्याला राज्य हवें त्याला आपल्या चुलत्याचा किंवा चुलतभावाचा कांटा वाटेंतून दूर करावासा वाटे. दुसरा माल्कम या राजानें ही रीत मोडून आपल्या मुलीच्या मुलाला, म्हणजे डंकनला, गादी मिळावी अशी तजवीज केली. माल्कम १०३४ सालीं वारला आणि डंकन राजा झाला. नाटकांत आपण पाहतों तो डंकन पांढऱ्या केसांचा, साधुवृत्तीचा वृद्ध आहे. इतिहासांतला डंकन तरुण होता, आणि त्याची कारकीर्दही यशस्वी नव्हती. इंग्लंडांतील डरहॅम शहराला वेढा घालून त्यानें तेथें जबर हार खाल्ली होती.

मॅक्बेथ हा उत्तरेकडील मरे प्रांताच्या अधिपतीचा मुलगा. त्याच्या बापाचा १०२० सालीं स्वतःच्या पुतण्यांनींच घात केला. पुढें १०३२ सालीं त्या प्रांताचा तत्कालीन अधिपति आपल्या पन्नास माणसांसह जाळून मारला गेला, आणि त्याची विधवा ग्रुओख हिच्याशीं मॅक्बेथनें विवाह केला. ही ग्रुओख राजवंशांतील होती. डंकनच्या शाखेनें जिला मागें सारलें त्या दुसऱ्या शाखेचें रक्त तिच्या अंगांत होतें. तिला पहिल्या पतीपासून झालेला लुलाख नांवाचा मुलगा होता. म्हणजे मॅक्बेथच्या हक्काला पत्नीच्या कुळाचा आधार होता, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें तो हक्क अगदींच पोकळ नव्हता.

ऑगस्ट १०४० मध्यें डंकन सैन्य घेऊन मरे प्रांतांत उतरला आणि एल्जिन गांवाजवळ मॅक्बेथच्या हातून मारला गेला. तेथें पाहुणचार नव्हता, शयनगृह नव्हतें, कीं झोंपेंत चालवलेला खंजीरही नव्हता. राजा दुसऱ्याच्या मुलखांत शस्त्र घेऊन गेला आणि शस्त्रानें मेला. यानंतर मॅक्बेथनें सतरा वर्षें राज्य केलें. स्कॉटलंडच्या त्या काळांत सतरा वर्षें ही लहान कारकीर्द नव्हे. १०४५ सालीं डंकनचा बाप क्रिनान यानें लढाई दिली, तींत तो पडला. १०५० सालीं मॅक्बेथ यात्रेसाठीं रोमला गेला, आणि तेथें गोरगरिबांना त्यानें मुक्तहस्तानें द्रव्य वांटलें, असें त्याचा समकालीन असलेल्या मरिएनस नांवाच्या संन्याशानें नमूद करून ठेवलें आहे. ज्या राजाला आपल्या राज्यांत कटाची धास्ती आहे, तो इतके महिने देश सोडून समुद्रापार जाणार नाहीं. लॉख लेव्हन येथील मठवासीयांस त्यानें व ग्रुओखनें मिळून जमीन दान दिल्याची नोंदही उपलब्ध आहे. जुन्या गेलिक काव्यांत तर त्याचें वर्णन उदार राजा म्हणूनच येतें.

१०५४ च्या जुलै महिन्यांत नॉर्थंब्रियाचा सरदार सिवर्ड इंग्लंडांतून सैन्य घेऊन आला. मोठें युद्ध झालें. सिवर्डचा मुलगा व भाचा त्यांत पडले. मॅक्बेथचा पराभव झाला. पण तो मेला नाहीं. नाटकांत डन्सिनेनच्या गढीपाशीं जो अंत होतो तो इतिहासांत झालाच नाहीं. मॅक्बेथ त्यानंतरही तीन वर्षें उत्तरेंत तग धरून होता, आणि सिवर्ड मात्र पुढच्याच सालीं मरून गेला. शेवटीं १५ ऑगस्ट १०५७ रोजीं लम्फॅनन नांवाच्या गांवीं, डन्सिनेनच्या बऱ्याच उत्तरेस, डंकनचा मुलगा माल्कम यानें त्याला ठार केलें. आणि तरीही राज्य माल्कमच्या हातीं लगेच आलें नाहीं! मॅक्बेथच्या माणसांनीं त्याच्या सावत्र मुलाला, लुलाखला, स्कून येथें राज्याभिषेक केला. १७ मार्च १०५८ रोजीं लुलाखही मारला गेला, तेव्हां कोठें माल्कमला गादी मिळाली. जुलमी राजाच्या मरणानें ज्या प्रजेची सुटका होते, ती प्रजा त्याच्या सावत्र मुलाला गादीवर बसवीत नाहीं, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे या पहिल्या अंताचें स्वरूप स्पष्ट होतें. एका लढवय्या राजानें गादी तलवारीनें मिळविली आणि तलवारीनेंच ती गमावली. त्या शतकांत ही नवलाची गोष्ट नव्हती.

आतां दुसरा अंत. माल्कमनें १०५८ ते १०९३ पर्यंत राज्य केलें, आणि त्याच्याच वंशांत पुढें गादी राहिली. आतां बापामागून मुलगा हाच न्याय, आणि त्याविरुद्ध जाणारा तो राज्यापहारी, असें ठरून गेलें. ज्यांच्या पदरीं बखरकार असतात त्यांचा पूर्वज निर्दोष ठरतो, हा कोणत्याही देशांतील दरबारी इतिहासाचा नियमच आहे. चौदाव्या शतकांत जॉन ऑफ फोर्डन यानें मॅक्बेथला जुलमी म्हणून रंगविलें आणि मॅक्डफची कथा विस्तारानें सांगितली. सुमारें १४२० सालीं अँड्र्यू विंटन यानें आपल्या पद्य बखरींत तीन स्त्रियांचें स्वप्न आणलें. चालून येणारें रान आणि स्त्रीच्या उदरीं न जन्मलेला पुरुष हीं भाकितेंही त्याच्या ग्रंथांत आहेत. पुढें १५२७ सालीं हेक्टर बोईस यानें लॅटिन भाषेंत स्कॉटलंडचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत बँको आणि त्याचा मुलगा फ्लीन्स हीं दोन माणसें अवतीर्ण झालीं. यांच्या अस्तित्वाचा पुरावा कोणत्याही जुन्या साधनांत नाहीं. राज्यावर असलेल्या स्टुअर्ट घराण्याचें मूळ खरोखर ब्रिटनी प्रांतांतून आलेल्या एका कारभारी कुळांत होतें. परंतु राजाला परदेशी कारभाऱ्याच्या वंशांत जन्मलेलें कसें चालेल? तेव्हां त्याच्यासाठीं एक देशी, शूर आणि हुतात्मा असा मूळपुरुष निर्माण करणें भाग पडलें.

या सर्व गाळाचा ओघ हॉलिनशेडच्या इंग्रजी बखरींत येऊन पडला. तिची दुसरी आवृत्ति १५८७ सालीं निघाली, आणि तीच शेक्सपिअरच्या हातीं होती. एक गोष्ट मात्र येथें सांगितली पाहिजे. हॉलिनशेडनेंदेखील मॅक्बेथच्या पहिल्या दहा वर्षांच्या कारभाराची स्तुति केली आहे; चांगले कायदे केले, चोरांचा बंदोबस्त केला, दुबळ्यांना संरक्षण दिलें, असें तो म्हणतो. पांचशें वर्षांच्या निंदेखालींही खऱ्या राजाचा एवढा अवशेष शिल्लक राहिला होता. पण राज्यापहाऱ्याचा शेवट चांगला करून चालत नाहीं. म्हणून दहा वर्षें भली आणि उरलेलीं वर्षें क्रूर अशी विभागणी बखरकारांनीं करून घेतली. त्यांच्या हातून मॅक्बेथला आलेलें मरण हें शिक्षेचें मरण आहे. त्यांत करुणा नाहीं, कारण शिक्षा झाल्याचें वाचून वाचकानें समाधान मानावें, हाच त्याचा हेतु आहे.

आपल्या वाचकांस ही प्रक्रिया अपरिचित वाटूं नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या प्रसंगाविषयीं आनंदीबाईंनीं एका अक्षराचा फेरफार केल्याची आख्यायिका घरोघर लहान मुलांच्याही तोंडीं असते. मूळ कागद कोणीं पाहिला हें विचारण्याची तसदी मात्र फारच थोडे घेतात. पुरुषांच्या राज्यलोभाचें खापर स्त्रीच्या माथीं फोडण्याची संवय एकट्या स्कॉटलंडची नव्हे. ग्रुओखविषयीं खात्रीलायक असें आपणांस काय ठाऊक आहे? एक खून झालेला पति, एक पोरका मुलगा, दुसरा विवाह, आणि मठाला दिलेलें दान. एवढ्यावरून जगांतील सर्वांत भयंकर राणी निर्माण झाली. आणि तीही ग्रुओखच्या कथेवरून नव्हे. निजलेल्या पाहुण्या राजाचा नवऱ्याकडून खून करविणारी स्त्री हॉलिनशेडच्या बखरींत डफ नांवाच्या दहाव्या शतकांतील राजाच्या हकीगतींत येते. तेथें ती डॉनवॉल्ड नांवाच्या किल्लेदाराची बायको आहे. शेक्सपिअरनें ती हकीगत उचलून मॅक्बेथच्या घरांत नेऊन ठेवली. गंमत अशी कीं, नाटकांत राणीला स्वतःचें नांव एकदांही मिळालेलें नाहीं!

तिसऱ्या अंताकडे वळण्यापूर्वीं नाटक लिहिलें गेलें तो काळ डोळ्यांपुढें आणला पाहिजे. १६०३ सालीं एलिझाबेथ राणी वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स हा इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. त्याच वर्षीं शेक्सपिअरच्या मंडळीला राजाश्रय मिळाला. जेम्स हा स्वतःला बँकोचा वंशज समजत होता. चेटुकविद्येवर त्यानें १५९७ सालीं एक ग्रंथ लिहिला होता. आणि राजवधाची भीति तर त्याच्या पांचवीलाच पुजलेली होती. त्याचा बाप १५६७ सालीं मारला गेला होता. ५ नोव्हेंबर १६०५ रोजीं पार्लमेंटाखालीं दारू भरून राजासह सर्वांस उडवून देण्याचा कट उघडकीस आला. त्या कटाच्या संबंधांत १६०६ च्या मार्चमध्यें हेन्री गार्नेट या जेसुइट पाद्र्याचा खटला चालला, आणि शपथेवर दुटप्पी बोलणें कितपत क्षम्य आहे याची चर्चा सर्वांच्या तोंडीं झाली. मॅक्बेथच्या वाड्यावरील मद्यपी द्वारपाळाची बडबड त्या खटल्याकडे बोट दाखविते. चेटकिणींचीं सर्व आश्वासनें अशींच दुटप्पी आहेत. म्हणून हें नाटक १६०६ च्या सुमारास लिहिलें गेलें, असें बहुतेक विद्वान् मानतात. ग्लोब नाटकगृहांत २० एप्रिल १६११ रोजीं तें पाहिल्याची सायमन फोरमन याची नोंद आहे, आणि तें छापलें गेलें तें १६२३ सालीं.

अशा वेळीं राजाश्रयी कवीनें बखरकारांचीच री ओढली असती तरी त्याला कोणीं दोष दिला नसता. वरवर पाहतां त्यानें तेंच केलें. हॉलिनशेडच्या बखरींत बँको हा कटांत सामील आहे. राजाच्या मूळपुरुषाला असा डाग नको म्हणून कवीनें त्याला निर्मळ केलें. डंकनला वृद्ध व साधु केलें. मॅक्बेथचीं दहा चांगलीं वर्षें पार पुसून टाकलीं, आणि सतरा वर्षांची कारकीर्द कांहीं थोड्या महिन्यांची भासावी अशी आवळून घेतली. म्हणजे नायकाची जी थोडीफार बाजू बखरकारानें ठेवली होती, तीही कवीनें काढून घेतली. इतिहासाच्या न्यायासनासमोर पाहूं गेल्यास शेक्सपिअर हा या सर्वांत मोठा अपराधी ठरतो.

पण येथेंच खरी मौज आहे. नायकाला बाहेरून इतकें काळें करून कवीनें त्याचें अंतःकरण मात्र आपणांसाठीं उघडें केलें. बखरकाराचा मॅक्बेथ काय करतो तें आपण वाचतों. शेक्सपिअरचा मॅक्बेथ तें करण्यापूर्वीं काय पाहतो तें आपणही पाहूं लागतों. खून होण्याआधीं खंजीर त्याच्या डोळ्यांपुढें तरंगतो. खून होतांच आपली झोंप कायमची गेली हें त्याच्या कानांना ऐकूं येतें. आपल्या कृत्याची किंमत त्याला कोणी सांगावी लागत नाहीं. डंकन आप्त आहे, राजा आहे, पाहुणा आहे, आणि सज्जन आहे, हीं चारही कारणें तो स्वतःच मोजून पाहतो, आणि तरीही पाऊल पुढें टाकतो. पापाची ओळख नसलेला दुष्ट आणि पाप ओळखून त्यांत उतरणारा माणूस यांत अंतर आहे. पहिल्याचा आपणांस तिटकारा येतो. दुसऱ्याची भीति वाटते, कारण तो आपल्यासारखाच आहे.

ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे कीं, सर्वस्वीं दुष्ट माणसाचा अधःपात पाहून न करुणा उत्पन्न होते, न भीति. म्हणून शोकान्त नाटकाचा नायक फार सज्जन नको आणि फार दुर्जनही नको. मॅक्बेथ या नियमाविरुद्ध आहे असें कित्येकांस वाटतें. आमच्या मतें तो नियमाच्या अगदीं कांठावर उभा आहे. तो दुर्जन म्हणून नाटकांत प्रवेश करीत नाहीं. आपल्या डोळ्यांदेखत तो दुर्जन होत जातो, आणि या प्रत्येक पायरीवर त्याच्या माणुसकीचा एक एक अंश गळून पडतांना दिसतो. डंकनला मारतांना त्याचे हात कांपतात. बँकोला मारवितांना तो मारेकरी पाठवितो आणि पत्नीलाही तें सांगत नाहीं. मात्र मेजवानींत मेलेल्याचें रिकामें आसन त्याला रिकामें दिसत नाहीं. मॅक्डफच्या बायकामुलांची कत्तल करवितांना तर त्याला कांहींच दिसत नाहीं, कांहींच ऐकूं येत नाहीं. येथें त्याचा ऱ्हास पूर्ण झाला. भूत दिसणें ही त्याच्या मनाची जिवंतपणाची खूण होती. भूत दिसेनासें झालें तेव्हां तें मनही मेलें.

म्हणून आम्ही असें म्हणतों कीं, नाटकांतल्या मॅक्बेथचा खरा अंत शेवटच्या द्वंद्वयुद्धांत होत नाहीं. तो त्याआधींच, पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते त्या क्षणीं होतो. जिच्याशिवाय एके काळीं त्याला कोणतेंही गुपित ठेवतां येत नव्हतें, जिला त्यानें चेटकिणींच्या भविष्याचें पहिलें पत्र धाडलें होतें, ती गेली. आणि रडण्यापुरतीही सवड किंवा शक्ति त्याच्यापाशीं उरलेली नाहीं. तेथें तो जें बोलतो त्यांत शोक नाहीं. सगळ्याच उद्यांचा कंटाळा आहे. ज्या उद्यांसाठीं, ज्या भविष्यासाठीं त्यानें हें सर्व केलें, तें भविष्यच त्याला निरर्थक दिसूं लागलें आहे. म्हातारपणीं माणसाला जें मनापासून हवें असतें तें आपणांस मिळणार नाहीं, हें त्यानें त्यापूर्वींच ओळखलें होतें. राज्य हातीं आहे, मुकुट डोक्यावर आहे, आणि त्याचा उपभोग घेणारा मनुष्य नाहींसा झाला आहे. यापुढें मॅक्डफच्या तलवारीला करावयाचें असें फारसें काम उरत नाहीं.

तरीही तो शेवटचा प्रसंग व्यर्थ नाहीं. रान चालून आलें, आणि स्त्रीच्या उदरीं रीतसर न जन्मलेला पुरुष समोर उभा राहिला. आधाराचीं दोन्ही आश्वासनें गेलीं. क्षणभर मॅक्बेथचें धैर्य खचतें. तो लढण्यास नकार देतो. तेव्हां मॅक्डफ त्याला शरण येण्यास सांगतो, आणि तसें केल्यास लोकांच्या पुढें त्याचें प्रदर्शन मांडण्यांत येईल असें बजावतो. ग्लोब नाटकगृहाच्या आसपासच खांबाला बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याचे खेळ चालत. आपलीही दशा त्या अस्वलासारखी झाली आहे, असें मॅक्बेथनें या आधींच म्हटलेलें आहे. आतां तो ढाल पुढें करून लढावयास सिद्ध होतो. वाचकांनीं नीट पाहावें: चेटकिणी भेटल्या त्या दिवसापासून भविष्याचा आधार न घेतां त्यानें केलेलें हें पहिलेंच कृत्य आहे. यश येणार नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक आहे. नाटकाच्या आरंभीं ज्या शूर सैनिकाची कीर्ति आपण ऐकली होती, तो एवढ्या रक्ताच्या चिखलांतून एक क्षण पुन्हा वर येतो आणि मरतो. पाप तिळमात्र धुतलें जात नाहीं. पण हरवलेल्या माणसाची ओळख तेवढी पटते.

या मरणसमयीं कवीनें त्याला एक शब्दही दिलेला नाहीं. पुढील नटांना व नाटककारांना ही उणीव वाटली. सतराव्या शतकांत डॅव्हेनंटनें आपल्या रूपांतरांत त्याच्या तोंडीं एक उपदेशपर ओळ घातली, आणि १७४४ सालीं गॅरिक या प्रख्यात नटानें तर एक लहानसें पश्चात्तापाचें भाषणच रचलें. दोघांनाही मूळ योजना कळली नाहीं. नाटकाच्या आरंभीं कॉडरचा पहिला सरदार, राजद्रोही असूनही, पश्चात्ताप करून, क्षमा मागून सन्मानानें मेला, अशी वार्ता येते. ती पदवी मॅक्बेथला मिळाली. तें मरण मिळालें नाहीं. आरंभींच मॅक्बेथनें एका बंडखोराचें शिर कापून तटावर टांगलें होतें. शेवटीं त्याचेंच शिर आणलें जातें. कवीनें ही जुळणी एवढ्या काटेकोरपणें केल्यावर मध्यें पश्चात्तापाचें भाषण घुसडणें म्हणजे हिशोब फिरविणें होय.

आपल्या संस्कृत नाट्यशास्त्रानें रंगभूमीवर मृत्यु दाखविण्यास मनाई केली, आणि नायकाचा वध तर सर्वथा वर्ज्य मानला. तरीही १९१२ सालीं गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम् येथें भासाचीं म्हणून जीं नाटकें छापलीं, त्यांतील 'ऊरुभंगां'त दुर्योधन आपल्या डोळ्यांदेखत मरतो. मांड्या मोडून पडलेल्या त्या राजाच्या मांडीवर बसण्यासाठीं त्याचा लहान मुलगा दुर्जय धांवत येतो, आणि बापाला त्याला नको म्हणावें लागतें. तो दुर्योधन मरतांना निवळतो. वैर सोडा असें सांगतो. त्याला आईबाप आहेत, राण्या आहेत, मूल आहे. म्हणून त्याच्या मरणांत अश्रु आहेत. मॅक्बेथच्या अंतांत मांडी आहे, पण तीवर बसावयास मूल नाहीं. अश्रु ढाळणारें कोणीच उरलेलें नाहीं. मराठींत शिवराम महादेव परांजपे यांनीं 'मानाजीराव' या नांवानें आणि वि. वा. शिरवाडकर यांनीं १९५४ सालीं 'राजमुकुट' या नांवानें हें नाटक आणलें. राजाश्रयाचे सर्व संदर्भ वजा करूनही परक्या भूमींत या कथेला जागा मिळाली, यावरून तिचा जीव बखरींत नव्हता, हें उघड होतें.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. रंगभूमीवर मॅक्बेथसाठीं कोणी रडत नाहीं, कारण त्याला आंतून ओळखणारें रंगभूमीवर आतां कोणी शिल्लक नाहीं. ती ओळख फक्त प्रेक्षकाला आहे. त्याचीं स्वगतें प्रेक्षकानेंच ऐकलीं. तो कशाला मुकला हें प्रेक्षकालाच ठाऊक आहे. माल्कमचा निवाडा खोटा नाहीं. पण तो बाहेरच्या माणसाचा निवाडा आहे. घरीं परततांना मन जड होतें तें या न सांगतां येण्यासारख्या साक्षीच्या भारानें.

आणि इतिहासांतल्या त्या राजाचें काय? काव्य खरें म्हणून इतिहास खोटा होत नाहीं. ज्यानें सतरा वर्षें राज्य राखलें, रोमच्या गरिबांस दान दिलें आणि लम्फॅननला लढत प्राण दिला, त्याच्या पदरीं झोंपलेल्या पाहुण्याचा खून बांधण्याचा अधिकार कोणालाही नाहीं, शेक्सपिअरलाही नाहीं. नाटक वाचणाऱ्यानें नाटकाकडून माणसाच्या अंतःकरणाची ओळख करून घ्यावी. माणसांच्या कृत्यांचा दाखला मात्र कागदपत्रांकडून मागावा. आपल्या देशांतील थोर व अथोर पुरुषांविषयीं, आणि विशेषतः स्त्रियांविषयीं, आपलीं मतें कोठून आलीं आहेत, नाटकांतून कीं दप्तरांतून, हें प्रत्येक घरांत एकदां विचारलें जाईल, तर मेलेल्या माणसांवर होणारा पुष्कळ अन्याय टळेल. मेलेल्यांना फिर्याद करतां येत नाहीं. म्हणूनच त्यांच्या बाजूनें बोलणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें पहिलें कर्तव्य आहे.